पेंढारी काळातील आत्मसंरक्षण आणि धारदार शस्त्रांची निवड : परभणी परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
मराठेशाहीतील शस्त्रांचा अभ्यास प्रामुख्याने राजे व सरदार यांच्या तलवारींभोवती केंद्रित झालेला आहे. राज्यसंस्थेचे संरक्षण नाहीसे झाले असता सामान्य रयतेने कोणते पाते हाती घ्यावे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. झॉम्बींच्या झुंडीवरील पाश्चात्त्य चित्रपटांतून हाच प्रश्न करमणुकीचा विषय झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र दख्खनच्या रयतेपुढे तो प्रत्यक्ष जीवनमरणाचा प्रश्न म्हणून उभा होता. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार केला आहे.

पेंढाऱ्यांचे संकट :
आजचा परभणी जिल्हा, तसेच १९९९ पर्यंत त्याचाच भाग असलेला हिंगोलीचा प्रदेश, त्या काळी निजामाच्या राज्यात होता. ऑक्टोबर १८१५ मध्ये चितूच्या पेंढाऱ्यांनी नर्मदा ओलांडली आणि निजामाच्या मुलखातून ते थेट कृष्णेपर्यंत पोहोचले. १८१६ च्या स्वारीत त्यांनी गुंटूर भागातील ३३९ गावे लुटली. त्यात १८२ माणसे मारली गेली व ३,६०३ जणांचा छळ झाला. हे आक्रमण प्रदेश जिंकण्यासाठी नव्हते. टोळी अकस्मात येई, लूट करी आणि निघून जाई. म्हणून रयतेचे उद्दिष्ट विजय मिळविणे हे नसून, ती घटका निभावून नेणे हे होते.

शस्त्रांची तुलना :
जॉन माल्कम याने केलेले पेंढाऱ्यांचे वर्णन येथे उद्बोधक ठरते. हजारांच्या टोळीत सुमारे चारशेच स्वार बऱ्यापैकी सज्ज असत. त्यांच्यात पंधरा जणांमागे एकाजवळ तोड्याची बंदूक असे. मात्र त्यांचे आवडते शस्त्र म्हणजे १२ ते १८ फूट लांबीचा वेळूचा भाला. उरलेले बहुतेक लुटारू हाती येईल ते शस्त्र वापरीत. तलवारीचे पाते साधारण अडीच ते तीन फुटांचे असते. अशा भाल्यासमोर केवळ तलवार घेऊन पायी उभा राहणारा मनुष्य वार करण्यापूर्वीच टप्प्यात येई. दांडपट्टा प्रभावी खरा, परंतु त्यात हाताचा पुढील भाग पोलादी खोबणीत अडकतो आणि त्यासाठी दीर्घ तालीम लागते. कट्यार व बिचवा ही अगदी जवळच्या झटापटीची शस्त्रे होत. सारांश, शेतकऱ्याच्या दृष्टीने धारेपेक्षा अंतर महत्त्वाचे होते. वेळूच्या दांड्यावर बसविलेले लहानसे पातेही महागड्या तलवारीहून अधिक उपयोगी ठरू शकत होते.

पोलाद आणि लोहार :
उत्तम पाते दुर्मीळ होते. निजामाबादजवळील कोनासमुद्रम् येथे मुशीत घडविलेले पोलाद इराणपर्यंत जात असे आणि ते खरेदी करण्यासाठी इस्फहानचे व्यापारी तेथे येत. हेन्री व्हॉयसीने या उद्योगाची नोंद केली आहे. परभणीपासून हे केंद्र फार दूर नसले, तरी त्या पोलादाची तलवार कुणब्याच्या आवाक्यातील नव्हती. त्याच्या घरी होते ते विळा, कोयता आणि कुऱ्हाड. यांपैकी कुऱ्हाड वजनदार व टिकाऊ. धार बोथटली तरी तिचा घाव वाया जात नाही आणि मोडलेला दांडा बाभळीच्या लाकडाने बदलता येतो. बलुतेदार लोहार किंवा फिरता घिसाडी ती गावातच शेवटून देई. जे शस्त्र रोज हाताळले जाते आणि गावातच दुरुस्त होते, तेच संकटकाळी विश्वासार्ह ठरते.

तथापि पाते हा शेवटचा उपाय होता. गावकूस, वेस, गढी आणि रात्रीचा जागल्या ही संरक्षणाची पहिली फळी होय. वेशीच्या अरुंद तोंडाशी घोडेस्वाराचा वेग निरुपयोगी होतो आणि लांब भाल्यांची फळी प्रभावी ठरते.

निष्कर्ष :
पुढे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये झालेल्या १९६२ च्या नियमांत ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रे समाविष्ट झाली. घरगुती व शेतीची अवजारे मात्र वगळली गेली. अवजार आणि शस्त्र यांतील ही सीमारेषा शांततेच्या काळाची आहे; संकटात ती पुसली जाते. इतिहासकाराने संग्रहालयातील मुठीची नक्षी जितक्या आस्थेने अभ्यासली, तितक्याच आस्थेने रयतेच्या कुऱ्हाडीचा घासलेला दांडाही अभ्यासणे आवश्यक आहे.