फेकायची ती दोरी

गळाने मासे धरताना एरवी शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. ट्राउटसाठी पिसं आणि रेशमाने बांधलेली कृत्रिम माशी मात्र इतकी हलकी, की ती स्वतःच्या बळावर हातभरही जायची नाही. इथे फेकायची असते ती दोरीच. फ्लाय फिशिंगचा इतिहास छड्यांच्या आणि माश्यांच्या नावाने सांगितला जातो. पण प्रत्येक वळणावर तो घडवला आहे दोरीने.

इंग्लंडमध्ये ही दोरी कित्येक शतकं घोड्याच्या शेपटीच्या केसांची होती. विंकिन द वर्ड यांनी १४९६ मध्ये छापलेल्या गळविद्येच्या प्रकरणात माशागणिक केसांचा हिशेबच दिला आहे : ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा, सामनला पंधरा. केसांना पीळ घालून पेर वळायचं. पण शेपटीपेक्षा ते लांब होणार कसं? म्हणून पेराला पेर गाठीने जोडायचं आणि टोकाकडे केस कमी करत दोरी निमुळती करायची. छडीचा झटका टोकापर्यंत पोचतो तो या निमुळतेपणामुळे, आणि ही घडण आजतागायत टिकून आहे. नडायच्या त्या गाठी. त्या छडीच्या कड्यांतून सुटत नसत. शिवाय केस वजनाला हलके, त्यामुळे समोरून वारा आला की फेक तिथेच खुंटायची.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवसाच्या तेलात मुरवलेली, विणीची रेशमी दोरी आली आणि खेळच पालटला. गाठ नाही, जाडी कमी, वजन भरपूर. ती वारा कापत जाई. हॅम्पशायरमधल्या टेस्ट नदीच्या काठी फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी तरंगत्या माशीचं जे शास्त्र रचलं, त्यावरचं त्यांचं पहिलं पुस्तक १८८६ चं. ही माशी हवेत पुढेमागे झुलवून वाळवावी लागते. केसांच्या हलक्या दोरीने ते साधणं कठीणच होतं.

पण रेशीम मुळात पाण्यापेक्षा जड. सकाळी दोरीला चरबीचा हात द्यायचा. दुपारपर्यंत ती पाणी पिऊन टोकाकडून बुडू लागे, की पुसून पुन्हा चरबी. संध्याकाळी सगळी दोरी रिळावरून उतरवून चौकटीवर वाळत घालायची. ओली राहिली तर कुजे, उष्ण जागी ठेवली तर तेलाचा थर चिकट होई.

ड्यूपाँटने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केलं आणि महायुद्धानंतर दोऱ्या त्याच्या होऊ लागल्या. तेव्हा वेगळाच पेच पडला. रेशमी दोऱ्यांची मापं जाडीवर ठरत, इंग्रजी अक्षरांनी. ‘ए’ म्हणजे ०.०६० इंच. त्याच जाडीचं नायलॉन हलकं, त्यामुळे छडी नीट वाकेना. पुढे मिशिगनच्या सायंटिफिक अँगलर्सने विणलेल्या गाभ्यावर पीव्हीसीचा थर चढवून निमुळतेपणा त्या थरातच आणला. आता जाडीवरून वजनाचा अंदाज बांधणं अशक्यच झालं. अखेर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या साहित्य-उत्पादकांच्या संघटनेने जाडी सोडून पहिल्या ३० फुटांचं वजन धरलं : पाच नंबरची दोरी १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, सहा नंबरची १६०. मुठीच्या वर छडीवर छापलेला आकडा तोच.

पीव्हीसीची दोरी कुजत नाही, तिला रोजची चरबीही लागत नाही. मात्र ऊन, उष्णता आणि डास पळवणारी मलमं तिचा मऊपणा हिरावतात. थराला भेगा पडतात, गाभ्यात पाणी शिरतं आणि तरंगणारं टोक बुडू लागतं. नीट राखलेली रेशमी दोरी मात्र वर्षानुवर्षं चालते, म्हणून तिचा रोजचा उपद्व्याप आनंदाने करणारे गळवाले आजही आहेत.