माळावरचा कारखाना, माळावरचं गाव

मंडळी, लक्ष्मणराव किर्लोस्करांना व्हायचं होतं चित्रकार. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. पण डोळ्यांना सगळे रंग नीट ओळखू येईनात. कुंचला सुटला, रेघ मात्र हातात राहिली. ते यंत्रांची ड्रॉइंग शिकवू लागले.

पुढे नोकरी सोडून बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. नुसतं यंत्र चांगलं असून भागत नाही. ते ज्याच्या रानात जायचं, त्याचा विश्वास बसावा लागतो.

1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. तिथे सुमारे 25 कामगार बायकामुलांसह आले. कारखान्याबरोबर घरं उभी राहिली. राखणीला शिक्षा भोगून सुटलेली माणसंही ठेवली, हे विशेष.

आता सांगा, लक्ष्मणरावांचं मोठं काम कोणतं? नांगर, की तो घडवणाऱ्यांचं गाव? मला वाटतं, गावाशिवाय नांगर फार दूर गेला नसता.