पावसाळ्यात सोफ्याला कुबट वास का येतो? धुवायला काढण्याआधी हे वाचा

बाहेर चार दिवस संततधार आणि सोफ्यावर बसलं की ओल्या फडक्यासारखा वास. मग आपण काय करतो? सोफा धुऊन देणाऱ्याला फोन करतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या घरांत चूक होते ती इथेच. गेल्या जुलैत आमच्याकडेही झाली. शाम्पू केलेला सोफा पाच दिवस वाळला नाही आणि वास आणखी वाढला.

वास कसला असतो?

बुरशीचा. तिला वाढायला पाणी सांडावंच लागतं असं नाही. हवेतली आर्द्रता बराच काळ ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली तरी पुरतं, आणि किनारपट्टीवर पावसाळ्यात ती अनेकदा ८० च्या पुढे असते. खाद्य म्हणून कापडातली धूळ, आपल्या त्वचेचे कण, जुना चहाचा डाग असतोच. अशाच दमट धुळीत डस्ट माइट नावाचे सूक्ष्म जीवही वाढतात. घरात दमा किंवा ॲलर्जी असलेलं कुणी असेल, तर त्रास फक्त वासापुरता राहत नाही.

समुद्राजवळच्या घरांत आणखी एक भानगड आहे. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ कापडावर बसतं. पावसाळ्यात मिठाची बरणी ओलसर होते ना? तसंच. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून तिथला सोफा हाताला कायम दमट लागतो.

मग करायचं काय?

पावसाळ्यात सोफा धुण्यापेक्षा कोरडा ठेवणं महत्त्वाचं. आठवड्यातून एकदा फटींसकट व्हॅक्यूम करा. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कारण बाहेरच्या भिंतीला ओल असते. कुशन उभी करून पंखा लावा. एसी असेल तर खिडक्या बंद करून तो 'ड्राय' मोडवर चालवा. उघडीप मिळाली की मात्र खिडक्या उघडा आणि कुशनना ऊन दाखवा. काही शे रुपयांत हायग्रोमीटर मिळतो. घरातली आर्द्रता किती, हे त्यावर लगेच कळतं.

बेकिंग सोडा भुरभुरवून अर्ध्या तासाने व्हॅक्यूम केल्यास वास कमी होतो. पण बुरशी जात नाही, रील्समध्ये काहीही सांगोत.

काही सांडलं तर घासू नका, सुती कापडाने टिपून घ्या. २४ ते ४८ तासांत जागा पूर्ण कोरडी व्हायला हवी. ब्लीच कापडाचा रंग उडवतं. ते व्हिनेगरमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

खरी धुलाई ऑक्टोबर हीटमध्ये किंवा मे महिन्यात करा. त्याआधी सोफ्याचं लेबल बघा: 'डब्ल्यू' म्हणजे पाणी चालतं, 'एस' म्हणजे फक्त सॉल्व्हंट, 'एक्स' म्हणजे नुसतं व्हॅक्यूम. सुताराकडून बनवून घेतलेल्या सोफ्याला लेबल नसतंच, तिथे आधी मागच्या कोपऱ्यावर करून बघा. कार्पेट जूनच्या आधीच स्वच्छ करून, कडक उन्हात वाळवून गुंडाळून ठेवा. वर जुनी सुती चादर घाला. प्लास्टिक नको, आत ओल अडकते.

बुरशीचे ठिपके दिसलेच, तर मास्क लावून कुशन गॅलरीत न्या आणि तिथेच ब्रश करा. घरात झटकलंत तर ती सगळीकडे पसरेल. ठिपके फोमपर्यंत पोचले असतील तर कव्हर धुऊन वापरता येतं, फोम मात्र बदलावाच लागतो.