अवस्था की ओळख? : एच. डी.च्या चरित्राचे कालखंड

स्त्रीच्या उभयलैंगिकतेकडे केवळ संक्रमणावस्था म्हणून पाहण्याची सवय विसाव्या शतकाच्या विचारविश्वात खोलवर रुजली. तिचे एक मूळ सिग्मंड फ्रॉइडच्या १९०५ मधील लैंगिकताविषयक तीन निबंधांत सापडते. उभयलैंगिकता तेथे मनुष्यमात्राची मूळ स्थिती ठरते. पण मूळ स्थिती म्हणजे जिच्यातून प्रौढत्वाकडे जावयाचे ती. जे सर्वांचेच मानले गेले, ते कोणा एकीची स्थायी ओळख होऊ शकले नाही. (मराठीत तर 'उभयलिंगी' हा शब्द वनस्पतिशास्त्राने फुलांसाठी केव्हाच राखून ठेवला आहे; त्यामुळे आकर्षणाविषयी बोलू गेले की देहरचनेचा अर्थ मध्ये येतो.)

या दृष्टीने साहित्येतिहासाची काय हानी केली, हे एच. डी. अर्थात हिल्डा डूलिटल (१८८६–१९६१) या अमेरिकन कवयित्रीच्या उदाहरणावरून कळते. एझरा पाउंडशी वाङ्निश्चय, फ्रान्सेस ग्रेगवरील प्रेम, १९१३ मध्ये रिचर्ड ऑल्डिंग्टनशी विवाह, १९१८ मध्ये लेखिका ब्रायर हिची भेट, १९१९ मध्ये कन्येचा जन्म, आणि ब्रायरशी अखेरपर्यंत टिकलेला सहबंध. चरित्राचे कालखंड जोडीदारानुसार पाडले की प्रत्येक खंडातील स्त्री निराळी दिसते. प्रतिमावादाच्या इतिहासकारांना पाउंडची अनुयायी पुरेशी वाटली. ब्रायरपूर्वीचे पुरुष हा निव्वळ पूर्वरंग, असे मानणारे वाचनही तितकेच एकांगी होय. सुसान स्टॅनफर्ड फ्रीडमन आणि रेचेल ब्लाउ ड्युप्लेसिस यांनी मात्र दोन्ही प्रेमांची दखल एकत्रितपणे घेतली.

खुद्द एच. डी.ची संहिता या विभागणीला दाद देत नाही. १९२७ मध्ये लिहिलेली 'हर्मायनी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८१ मध्ये, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी प्रकाशित झाली. नायिकेचे संक्षिप्त नाव 'हर'. इंग्रजीत हे 'तिला', 'तिचे' अशा अर्थाचे सर्वनाम; कर्त्याच्या जागी ते बसत नाही. कादंबरीत मात्र ते वारंवार कर्त्याच्या जागी येते आणि वाक्य अडखळते. जॉर्ज आणि फेन, पुरुष आणि स्त्री, या दोघांच्या ओढीत सापडलेल्या नायिकेला आपले कर्तेपण शोधावयाचे आहे. येथे एक आकर्षण दुसऱ्याला पुसून टाकत नाही. व्याकरणाच्या या पेचाकडे दुर्लक्ष करून केवळ 'खरी ओढ कोणती?' एवढेच विचारणारा समीक्षक कादंबरी वाचतच नाही, असे म्हणावे लागेल.

१९३३ आणि १९३४ मध्ये एच. डी.ने व्हिएन्नात फ्रॉइडकडून मनोविश्लेषण करून घेतले. आपण परिपूर्ण उभयलैंगिक असल्याचे त्यातून निष्पन्न झाल्याचे तिने १९३४ च्या एका पत्रात ब्रायरला कळविले. त्या वेळी तिचे वय अठ्ठेचाळीस होते. कौमार्यातील संभ्रम हे स्पष्टीकरण येथे कसे लागू करणार? मानसशास्त्राने या प्रश्नाची दीर्घकालीन तपासणी पुष्कळ नंतर केली. लिसा डायमंड यांनी ७९ स्त्रियांचा दहा वर्षे मागोवा घेऊन २००८ मध्ये निष्कर्ष मांडले; त्यांत उभयलैंगिकता ही तात्पुरती पायरी नसून बहुतांशी स्थिर प्रवृत्ती असल्याचे दिसले.

१९५८ मध्ये, ब्रायरशी असलेला सहबंध चाळीस वर्षांचा झाला असताना, एच. डी.ने 'एंड टू टॉर्मेंट' हे स्मृतिलेखन केले. त्याचा विषय एझरा पाउंड हा आहे.