भाडेकरूंसाठी घरसामानाचा विमा : गरज, व्याप्ती आणि मर्यादा

भाड्याच्या घरात आग लागल्यास किंवा पुराचे पाणी शिरल्यास भिंती, छप्पर आणि फरशी यांचे नुकसान घरमालकाचे असते. कपाट, फ्रिज, संगणक, अंथरूण-पांघरूण आणि कपडे यांचे नुकसान मात्र भाडेकरूलाच सोसावे लागते. घरमालकाने किंवा गृहनिर्माण संस्थेने इमारतीचा विमा उतरवलेला असला तरी भाडेकरूच्या सामानाला त्याचे संरक्षण मिळत नाही. नोकरी वा शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या अनेकांना ही बाब दुर्घटना घडल्यानंतरच कळते. त्यामुळे भाडेकरूने स्वतःच्या सामानाचा वेगळा विमा घ्यावा का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

विमा कशाचा उतरवता येतो?

ज्या वस्तूच्या नाशाने आपले आर्थिक नुकसान होते, तिचाच विमा उतरवता येतो, हे विमा कायद्याचे मूलतत्त्व आहे. इमारत भाडेकरूच्या मालकीची नसते. सामान मात्र त्याचे असते. म्हणून भाडेकरूसाठीचा गृहविमा हा मुख्यतः घरसामानाचा विमा असतो.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. तीत इमारत आणि सामान या दोहोंचा किंवा यांपैकी एकाचाच विमा घेता येतो. त्यामुळे भाडेकरूला केवळ सामानापुरती पॉलिसी घेण्याचा मार्ग खुला आहे.

कोणत्या आपत्तींना संरक्षण?

आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, दहशतवादी कृत्य, तसेच पाण्याची टाकी वा नळ फुटून होणारे नुकसान यांचा या पॉलिसीत समावेश आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर २०१५ मध्ये चेन्नई, २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर आणि २०२२ मध्ये बंगळूरु या शहरांनी पुराचा तडाखा अनुभवला. अशा प्रसंगी तळमजल्यावरील भाडेकरूंचे सामान प्रथम पाण्याखाली जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही शेजारच्या घरातील आग किंवा फुटलेला नळ यांचा धोका असतोच.

चोरीविषयीचा गैरसमज

गृहविम्यात चोरीही आलीच, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ‘भारत गृह रक्षा’च्या मूळ पॉलिसीत चोरीला मर्यादित संरक्षण आहे. आग, पूर यांसारखी समाविष्ट आपत्ती घडल्यापासून सात दिवसांच्या आत त्या आपत्तीच्या अनुषंगाने झालेली चोरीच भरपाईस पात्र ठरते. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र किंवा जोड संरक्षण घ्यावे लागते.

तेथेही शब्दार्थ पाहणे आवश्यक आहे. घरफोडीच्या पॉलिसीतील अटींनुसार बळाचा वापर करून प्रवेश झालेला असणे आवश्यक असल्यास, त्याशिवाय झालेल्या चोरीची भरपाई मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात दिला. उघड्या दारातून लॅपटॉप गेला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. खोलीत अनेक जण एकत्र राहत असतील, तर या अटीचे महत्त्व अधिकच वाढते.

आणखी काय वगळलेले असते?

रोख रक्कम, धनादेश, कागदपत्रे आणि वाहने यांना सामान्यतः घरसामानाच्या विम्याचे संरक्षण नसते. शॉर्टसर्किटमुळे केवळ तेच विद्युत उपकरण बिघडले, तर त्याची भरपाई मिळत नाही. मात्र त्यातून आग पसरून इतर वस्तू जळाल्या, तर त्या वस्तूंची भरपाई मिळू शकते. दागिने, चांदीची भांडी, चित्रे व दुर्मीळ वस्तू यांसाठी मान्य मूल्यावर आधारित वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. विमा नोंदवलेल्या पत्त्यापुरताच असतो. सामान अन्यत्र हलवल्यास संरक्षण उरत नाही. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचे असल्याने घर बदलताच विमा कंपनीला कळवून पॉलिसीतील पत्ता बदलून घेणे अत्यावश्यक आहे.

भाडेकरूच्या चुकीने नुकसान झाल्यास

सामान जळण्यापेक्षा मोठा धोका दायित्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार नैसर्गिक झीज आणि अटळ आपत्ती वगळता घर चांगल्या स्थितीत परत करणे ही भाडेकरूची जबाबदारी आहे. मुंबई-पुण्यात प्रचलित असलेल्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ व्यवस्थेत ही जबाबदारी प्रामुख्याने करारातील कलमांवरून ठरते. भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे आग लागली आणि घरमालकाच्या विमा कंपनीने त्याला भरपाई दिली, तर ती कंपनी घरमालकाच्या जागी उभी राहून भाडेकरूकडून वसुलीची मागणी करू शकते. केवळ सामानाचा विमा अशा वेळी उपयोगी पडत नाही. त्यासाठी त्रयस्थ दायित्वाचे जोड संरक्षण उपलब्ध आहे का, याची विचारणा पॉलिसी घेतानाच करावी.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत सरकारी तेल कंपन्यांचा सामूहिक विमा असतो. अपघाती मृत्यूसाठी प्रतिव्यक्ती ६ लाख रुपये, तर नोंदणीकृत ग्राहकाच्या नोंदणीकृत जागेतील मालमत्तेच्या नुकसानीसाठी प्रतिघटना कमाल २ लाख रुपये अशी त्यात तरतूद आहे. दुसऱ्याच्या नावावरील किंवा दुसऱ्या पत्त्यावरील सिलिंडर वापरणाऱ्या भाडेकरूला मालमत्तेच्या भरपाईत अडचण येऊ शकते. म्हणून गॅसजोडणी स्वतःच्या नावे आणि सध्याच्या पत्त्यावर असणे हिताचे आहे.

विमा रक्कम कशी ठरवावी?

प्रत्येक खोलीतील वस्तूंची यादी करून, त्या आज नव्याने घेण्यास किती खर्च येईल याची बेरीज करावी. ‘भारत गृह रक्षा’मध्ये विमा रक्कम प्रत्यक्ष मूल्यापेक्षा कमी ठेवली असली, तरी सर्वसाधारण सामानाच्या भरपाईत त्या प्रमाणात कपात होत नाही. तथापि भरपाई विमा रकमेच्या वर जात नाही. हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तरीही काही लाख रुपयांच्या सामानाचा वार्षिक हप्ता साधारणतः एका महिन्याच्या भाड्याहून बराच कमी असतो. घर राहण्यायोग्य न उरल्यास पर्यायी घराच्या वाढीव भाड्याचा फरक मिळतो का, हेही पॉलिसीत पाहून घ्यावे.

दावा आणि तक्रार

वस्तूंची छायाचित्रे, खरेदीच्या पावत्या आणि भाडेकराराची प्रत घराबाहेर किंवा ऑनलाइन साठवून ठेवावी. दुर्घटनेनंतर विमा कंपनीला विनाविलंब कळवावे. आगीच्या घटनेत अग्निशमन दलाचा अहवाल आणि चोरीच्या घटनेत पोलिसांकडील प्राथमिक माहिती अहवाल मिळवावा. सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत नुकसानग्रस्त वस्तू टाकून देऊ नयेत.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुण्यासह देशातील प्रमुख शहरांत आहेत. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

निर्णय कोणी कसा घ्यावा?

सुसज्ज भाड्याच्या घरात दोन बॅगा घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला सामानाच्या विम्याची निकड नाही. त्याने आधी आरोग्यविमा आणि अडचणीच्या काळासाठी काही बचत यांची तजवीज करावी. याउलट, स्वतःच्या खर्चाने संसार थाटलेले कुटुंब, घरातूनच व्यवसाय करणारी व्यक्ती आणि सखल भागात किंवा तळमजल्यावर राहणारा भाडेकरू यांच्यासाठी हा विमा उपयुक्त आहे. मात्र व्यवसायाची यंत्रे व मालसाठा घरसामानात धरला जातो का, याची खातरजमा व्यावसायिकांनी करून घ्यावी. घरातील सर्व सामान एका दिवसात नष्ट झाले, तर ते बचतीतून पुन्हा उभे करता येईल का, ही यातील खरी कसोटी आहे. उत्तर नकारार्थी असेल, तर विम्याचा हप्ता हा अनावश्यक खर्च ठरत नाही.