खुंट, वेस आणि कारंजा : नगर शहरातील जुन्या वस्तीची स्थलनामे

पुण्याचा जुना रहिवासी आपला पत्ता सांगताना ‘सदाशिव पेठेत’ किंवा ‘कसब्यात’ असे म्हणतो. अहमदनगरच्या (इ. स. २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) जुन्या तटाआतील रहिवासी मात्र ‘तेलीखुंटावर’, ‘दिल्लीगेटपाशी’, ‘लक्ष्मी कारंज्यापाशी’ असे सांगतो. एकाचा प्रत्यय आतले स्थान दाखवितो, तर दुसऱ्याची शब्दयोगी अव्यये सान्निध्य. हा भेद केवळ बोलीचा नसून त्यामागे दोन शहरांच्या घडणीतील भेद आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुण्यातील बहुतेक पेठा हुकमाने वसविल्या गेल्या. कोणत्या तरी वाराचे अथवा वसविणाऱ्याचे वा आप्ताचे नाव त्यांना मिळाले आणि त्यांच्या हद्दी कागदावर आखल्या गेल्या. अशा नावाने क्षेत्राचा बोध होतो. नगरात क्षेत्राची नावे नाहीत असे नव्हे. परंतु जी नावे रहिवाशाच्या तोंडी आधी येतात ती बिंदूंची आहेत. जेथे वाट आत शिरते, जेथे गल्ल्या एकमेकींस मिळतात, जेथे पाणी पोहोचते, अशी ही ठिकाणे होत. इंग्रजांनी ८ ऑगस्ट १८०३ रोजी हे शहर शिड्या लावून घेतले आणि चार दिवसांनी किल्ला घेतला. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात किल्ल्याहून वेगळ्या अशा या तटबंद वस्तीस सरसकट ‘पेट्टा’ म्हटले आहे. गंमत अशी की, ज्या वस्तीला परका सेनापती पेठ म्हणतो, तिच्या स्वतःच्या नावांत ‘पेठ’ हा शब्द सहसा आढळत नाही. आढळतो तो ‘नवी पेठ’ या नावात, आणि तेथेही ‘नवी’ हे विशेषण आपली साक्ष देतेच.

शहराच्या जन्मातच याचे कारण शोधावे लागते. मलिक अहमदाने इ. स. १४९० मध्ये बहमनी सैन्याचा पराभव केला. तो जेथे केला, त्याच परिसरात सीना नदीच्या डाव्या तीरावर १४९४ च्या सुमारास त्याने राजधानी वसविण्यास प्रारंभ केला. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मध्यावरची ही जागा होती, आणि दौलताबादेवर दरसाल चालून जाणाऱ्या अहमदास ती सोयीची होती. येथे काही काळ निजामशाहीच्या चाकरीत असलेला फरिश्ता हा इतिहासकार नव्या शहराची तुलना बगदाद व कैरो यांच्याशी करतो. दरबारी अतिशयोक्ती वगळली तरी शहर भराभर वाढले एवढे त्यातून घेता येते. म्हणजे नगर हे आरंभापासून वाटेवरचे गाव आहे. येथे घर घेणे म्हणजे वाटेच्या जवळ राहणे होय.

तटाचे बांधकाम हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीतले मानले जाते. तो तट आता जवळजवळ नाहीसा झाला असून दिल्ली दरवाजा व माळीवाड्याची वेस या दोन वास्तू प्रामुख्याने उभ्या आहेत. परंतु नावांचा तट पडलेला नाही. दिल्लीगेट, झेंडीगेट, मंगलगेट ही नावे घेऊन लोक रोज व्यवहार करतात. येथे शब्दांची एक सरमिसळ लक्षात घेण्याजोगी आहे. ‘दरवाजा’ या फारसी शब्दाची जागा बहुतेक ठिकाणी ‘गेट’ने घेतली, माळीवाड्यास मात्र ‘वेस’ हा गावगाड्यातील शब्दच चिकटून राहिला. माळीवाडा आणि नालेगाव या नावांचा घाटच खेड्याचा आहे. तटाने कवेत घेतलेल्या या जुन्या कृषिवस्त्या असाव्यात, असे अनुमान करण्यास येथे आधार मिळतो. बोलणाराही ‘माळीवाड्यात’, ‘नालेगावात’ असेच म्हणतो, ‘माळीवाड्यावर’ असे कधीही म्हणत नाही. तोफखाना हे लष्करी खात्याचे आवार, तेथेही ‘तोफखान्यात’. बाजार आणि गल्ल्या यांचीही तीच तऱ्हा : कापड बाजारात, मोची गल्लीत. ज्याला कड आहे त्याच्या आत राहता येते. खुंटाला कड नाही.

‘खुंट’ या शब्दाचा विचार थोडा विस्ताराने करणे भाग आहे. तेलीखुंट, नालबंद खुंट, रामचंद्र खुंट ही नगरची खास नावे होत. अन्यत्र ज्यास आपण चौक किंवा तिठा म्हणू, त्यास नगरकर खुंट म्हणतो. सर्वसाधारण मराठीत खुंट म्हणजे रोवलेला सोट, जनावर बांधण्याची मेख. त्यावरून तेल्याचा बैल किंवा नाल ठोकण्यासाठी आणलेला घोडा जेथे बांधीत तो खुंट, अशी उपपत्ती सहज सुचते आणि ती मोहक आहे. परंतु तिने रामचंद्र खुंटाचा उलगडा होत नाही. उलट हिंदी व दखनीत ‘खूँट’ म्हणजे कोपरा, टोक, दिशा. मराठीतही ‘चौखुंट’ या शब्दात हाच अर्थ टिकून आहे. निजामशाहीच्या राजधानीत दखनी ही बाजाराची बोली असणे स्वाभाविक होते. म्हणून दोन गल्ल्यांचा कोन तो खुंट, ही व्युत्पत्ती मला अधिक ग्राह्य वाटते. मेखेचा अर्थ मराठी भाषकांनी मागाहून त्यात वाचला असावा. अशा लोकव्युत्पत्तीस हसण्याचे कारण नाही. शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना आपल्याबरोबर असा सोबती घेतोच.

उच्चारातील बदलही याच सरमिसळीचे निदर्शक होत. बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिराच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. त्या काळातील बारा इमामांचा ‘कोटला’ लोकांच्या तोंडी ‘कोठला’ झाला. शहराबाहेरील ‘हश्त बिहिश्त बाग’ हिची ‘भिस्तबाग’ झाली. पहिल्यात अल्पप्राण वर्ण महाप्राण झाला आणि ‘कोठा’, ‘कोठी’ या ओळखीच्या शब्दांजवळ गेला. दुसऱ्यात ‘ब’ व ‘ह’ यांमधील स्वर गळून दोहोंचा ‘भ’ झाला.

तिसरा बिंदू पाण्याचा. कापूरवाडी, वडगाव इत्यादी ठिकाणचे पाणी खापरी नळांनी शहरात आणून हौदांत व कारंज्यांत सोडण्याची निजामशाही व्यवस्था प्रसिद्ध आहे. लक्ष्मी कारंजा, चौपाटी कारंजा ही नावे त्या व्यवस्थेची आठवण देतात. पाण्यासाठी दिवसातून दोनदा जेथे जावे लागते ते ठिकाण पत्त्याचे ठिकाण होणारच. पुढे नळ घरात आले, मुळा धरणाचे पाणी आले, नाव तेथेच राहिले.

वाटांचे महत्त्व मात्र कमी झाले नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा स्थानक जुन्या वस्तीपासून दूर दक्षिणेस पडले आणि वेशीपासून तेथवर टांग्यांची ये-जा वाढली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर, आणि आजही माळीवाड्याचे बसस्थानक वेशीच्या निकटच आहे. दिल्ली दरवाजापासून तेथपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटांत जाता येते. इ. स. १८३८ मध्ये स्थापन झालेले जिल्हा वाचनालय, दाळमंडई, आडते बाजार, कापड बाजार, सर्व काही हाकेच्या अंतरावर. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रीत येथे टिकली ती या निकटपणामुळे.

आता ती रीत मोडत चालली आहे. बिऱ्हाडे सावेडीकडे गेली, वरच्या मजल्यांवर गोदामे आली. ज्या वस्तीत रात्री कोणी राहत नाही तिच्या नावांना पत्ता म्हणून उपयोग उरत नाही. ती दुकानाच्या पाटीवर तेवढी राहतात. शिवाय नगरपालिका (स्थापना १८५४) आणि २००३ पासूनची महानगरपालिका यांचे दप्तर प्रभाग आणि क्रमांक यांवर चालते; खुंटास त्यात जागा मिळणे कठीण. शासकीय नाव बदलले त्याची चर्चा पुष्कळ झाली, आणि बोलण्यात दोन्ही पूर्वपदे गाळून ‘नगर’ म्हणणारे लोक तसेच म्हणत राहिले. परंतु एखादा खुंट बोलण्यातून गेला तर त्याची नोंद कोठेही होणार नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नगरविषयक खंड १८८४ मध्ये निघाला. वेशी, नळ, मशिदी यांचे वर्णन त्यात तपशीलवार आहे. गल्लीगल्लीच्या नावांसाठी मात्र तो पुरेसा नाही. ती जुन्या खरेदीखतांतील चतुःसीमांमधून आणि सत्तरीपुढील रहिवाशांच्या तोंडून टिपावी लागतील, व टिपताना नावापुढचा प्रत्ययही सोडता कामा नये. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम अंगावर घेतल्यास सावेडीतही जावे. तेथल्या एका मुख्य रस्त्यास, पाण्याच्या नळावरून, ‘पाइपलाइन रोड’ म्हणतात, आणि तेथील रहिवासी आपण ‘पाइपलाइन रोडला’ राहतो असे सांगतो.