तयार क्लास, आपलं माप

ठाण्यात राम मारुती रोडवर तयार कुर्ता घेतला की बाह्या आखूड करायला तो शिंप्याकडे जातोच. वेबसाइट सजवायला वापरतात त्या बूटस्ट्रॅपच्या तयार सीएसएस क्लासेसचंही तसंच; फक्त इथे मूळ शिवण उसवायची नसते.

हे क्लासेस जन्मले ट्विटरच्या कचेरीत. आतल्या कामाची साधनं जो तो आपापल्या पद्धतीने बांधायचा, एकाचं दुसऱ्याशी जुळायचं नाही, दुरुस्तीला माणूस वैतागायचा. मार्क ओट्टो आणि जेकब थॉर्न्टन यांनी बटणं, तक्ते, फॉर्म यांची एकच वही बांधली आणि १९ ऑगस्ट २०११ रोजी ती सगळ्यांना खुली केली. ‘बीटीएन’ लिहिलं की बटण, पुढे ‘बीटीएन-प्रायमरी’ जोडलं की ते निळं. डिझायनर न परवडणाऱ्यांची चंगळ झाली. मग जिकडेतिकडे तेच निळं बटण दिसू लागलं, आणि आपलं वेगळं कसं करायचं ही खटपट सुरू झाली.

त्याची सोय मात्र आधीच होऊन बसली होती. होकॉन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सीएसएसची कल्पना मांडली, तीच मुळी लेखकाची आणि वाचकाची आवड एकत्र नांदावी म्हणून. १९९६च्या पहिल्या प्रमाणात नियम पक्का झाला: दोन सूचनांचं वजन सारखं असेल तर नंतर आलेली जिंकते. म्हणून आपली फाइल बूटस्ट्रॅपच्या खाली जोडायची. बूटस्ट्रॅपचा मूळ कोड ज्या सास भाषेत आहे, तिच्यात उलट! तिथल्या किमतींपुढे ‘डीफॉल्ट’ असतं, म्हणजे आधी कुणी काही ठरवलं नसेल तरच ती किंमत लागू. तिथे आपलं माप आयातीच्या आधी सांगायचं. नवशिक्यांची सगळी फजिती इथेच होते, आणि मग ते जागोजागी बाकी सूचनांवर मात करणारं ‘इम्पॉर्टंट’ ठोकत सुटतात.

मराठीला हे बदल हौसेपुरते नाहीत. नौपाड्यातल्या एखाद्या सोसायटीच्या साइटवर ‘सूचना: पुनर्विकासासंबंधी’ असं शीर्षक टाका. बूटस्ट्रॅप ३मध्ये शीर्षकाची ओळ-उंची १.१ होती, पुढे १.२ झाली, रोमन अक्षरांना तेवढी पुरते. मोबाइलवर शीर्षक मोडून दोन ओळींत आलं, की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या रफार-वेलांट्यांना जाऊन भिडतात. आपल्या फाइलमध्ये शीर्षकाच्या ‘एच२’ची ओळ-उंची १.५ केली की अक्षरं श्वास घेतात. मूळ फाइलला हात लावायचा नाही, नाहीतर नवी आवृत्ती टाकली की केलेलं सगळं पुसलं जातं.

अक्षरं कॅपिटल करणारा ‘टेक्स्ट-अपरकेस’ हा क्लास मराठीवर घालून पाहा, ढिम्म काही होत नाही. इंग्रजी साइटवरून उचललेलं अक्षरांमधलं अंतर मात्र शिरोरेषेचे तुकडे पाडतं. तिथे माप बदलून भागत नाही. मराठी मजकुरापुरतं ते शून्यच करावं लागतं.